मीनूला तीनदा विचारायचं

मीनूची आणि आमची ओळख झाली ती तिनं आमच्या सुहासची गाडी अडवली म्हणून. दिवाळीचा पहिला दिवस होता. आमच्या सिडनीच्या क्वेकर्स हिलला दिवाळीची सुट्टी वगैरे नसते. अभ्यंगस्नान उरकायचं, चकलीचा तुकडा तोंडात टाकायचा आणि ट्रेनला पळायचं. मी लवकर उठून ड्राइव्हवेवर रांगोळी काढली होती. सुहास, म्हणजे माझा नवरा, दर वर्षीप्रमाणे गाडी काढताना त्यावरून चाक नेणार होता आणि मी दर वर्षीप्रमाणे किचनच्या खिडकीतून त्याच्या नावानं ओरडणार होते. त्या दिवशी मला ओरडावं लागलंच नाही. रांगोळीसमोर एक बाई उकिडवी बसली होती. आखूड करडे केस, अंगात पुरुषी शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेला. सुहासनं हॉर्न दिला. तिनं मान वर न करता नुसता पंजा दाखवला, चौकात पोलीस दाखवतो तसा.

"मॅम, माझी ट्रेन जाईल," सुहास म्हणाला.

"दुसरी येईल," ती म्हणाली. "ही पुन्हा येणार नाही."

मी हात पुसत बाहेर आले. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "हे तू काढलंस? मग तुझं नाव कुठे आहे?"

मी म्हटलं, रांगोळीखाली कोण नाव घालतं, संध्याकाळपर्यंत पुसून जाते ती. "म्हणून काय झालं?" ती म्हणाली, आणि फोटो काढत बसली. सुहासनं शेवटी दोन चाकं लॉनवर घालून गाडी बाहेर काढली. संध्याकाळी घरी आल्याआल्या त्यानं पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, "ती बया कोण होती गं?"

ती बया म्हणजे मीनू. तेहरानची. आमच्या शेजारच्या घराच्या मागची एक खोली आणि गराज तिनं भाड्यानं घेतलं होतं. खोलीत ती झोपायची, गराजमध्ये जगायची. गाण्यांचे व्हिडिओ करायची, तेही अ‍ॅनिमेशनचे, आणि तेही हातानं. टेबलावर एक मोठी काच, काचेखाली काळं कापड, वर डोक्यावर टांगलेला कॅमेरा. काचेवर वाळूनं चित्र काढायचं, एक फोटो घ्यायचा, वाळू बोटानं केसभर सरकवायची, पुन्हा फोटो. असे फोटो एकामागून एक पळवले की चित्र चालायला लागतं. पुढचं चित्र काढायचं तर आधीचं पुसावंच लागतं. मला तर पाहूनच पाठीत कळ आली.

त्या दिवाळीला फराळाचं ताट द्यायला गेले तेव्हा तिनं चकलीकडे ढुंकून बघितलं नाही. म्हणाली, ती पांढरी पावडर दे. मी हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून आणलेलं शिरगोळ्याच्या रांगोळीचं पाकीट दिलं आणि चिमटीतून रेघ कशी सोडायची ते दाखवलं. तिनं पहिलीच रेघ अशी सोडली की मी माझी कॉलर खाली केली. आमच्या घरी सासूबाईंनी मला दोन दिवाळ्या ओरडून शिकवलं होतं ते या बाईला चहा होईपर्यंत आलं. त्यानंतर तिनं वाळू कायमची सोडली. दर महिन्याला माझ्याकडून रांगोळीची पाकिटं जायची आणि त्या बदल्यात केशर, पिस्ते, सुकी लिंबं यायची. आमच्या वरणाला मध्ये काही दिवस भलताच वास होता.

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. तिचं इंग्रजी फारसीतून यायचं आणि माझं मराठीतून, त्यामुळे आम्हाला एकमेकींचं नीट कळायचं. मला ती 'वैशाली जान' म्हणायची. सुहासला सुरुवातीला ते फार विनोदी वाटलं. त्यानं घरात मला 'जान' म्हणून हाक मारून बघितली, मी नुसतं बघितलं, पुन्हा मारली नाही.

गराजचे तिचे नियम होते. पंखा लावायचा नाही. जानेवारीत आमच्याकडे पत्रे तापतात, बाहेर कुत्रीसुद्धा सावलीतून उठत नाहीत, तरी पंखा नाही. जोरात हसायचं नाही. हसायचं असेल तर बाहेर जाऊन हसून यायचं. काम करताना ती हेडफोन लावायची आणि डावा हात टेबलावर सपाट ठेवायची. गाणं आधी हाताला कळू दे, असं तिचं म्हणणं. साखरेचा खडा दातात धरून काळा चहा प्यायची आणि खडा विरघळेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. मी वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर मशीनच्या घरघरीत असते. शिफ्ट संपवून तिच्या त्या गप्प गराजमध्ये जाऊन बसलं की बरं वाटायचं.

तिचं सगळं काम तिनं मला एका रविवारी दाखवलं. तेहरानमध्ये एका तळघरात बसून तिनं कितीतरी व्हिडिओ केले होते. तिकडे गाणं बाहेर काढायला परवानगी लागते, आणि तिच्याकडे येणाऱ्या गाणाऱ्यांना ती मिळालेली नसायची. त्यामुळे गाणं फोनवरून फोनवर जायचं आणि व्हिडिओवर कुणाचंच नाव नसायचं. नाव म्हणजे आफत. एकदा मामेबहिणीच्या लग्नात टीव्हीवर तिचाच व्हिडिओ लागला. सगळे जेवण सोडून बघायला लागले. तिचे काका म्हणाले, हे नक्की फ्रान्समध्ये केलंय, आपल्याकडे कुणाला जमणार.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"भात आणखी वाढून घेतला," मीनू म्हणाली.

तिच्या आईलाही तिनं सांगितलं नव्हतं, आई घाबरेल म्हणून. आईला वाटायचं पोरगी दुकानांच्या पाट्या रंगवते. आणि इथे आल्यावर नेमकं तेच झालं. मीनू हार्ड डिस्क घेऊन सिडनीतल्या स्टुडिओंमध्ये गेली. यातलं तुमचं कुठलं, त्यांनी विचारलं. सगळं, ती म्हणाली. कशावरून? कशावरच नाव नव्हतं. मग तिनं ब्लॅकटाउनला पाट्या करणाऱ्या एका दुकानात नोकरी धरली. दिवसभर मशीनवर अक्षरं कापायची: डेंटिस्टांची नावं, घरं विकणाऱ्या एजंटांची नावं. ती हे सांगताना हसायची, पण मला काही हसू यायचं नाही.

"आता तरी आईला सांग ना," मी म्हटलं.

"सांगितलं. ती म्हणाली, हो गं माझी बाई, तूच केलंस. लहान मुलीला म्हणतात ना, तसं." मीनूनं दातातला खडा कडकन फोडला. तसं ती कधी करायची नाही. "एकदा मोठ्या पडद्यावर माझं नाव यावं, आणि आईनं ते वाचावं. बाकी काही नको मला."

हे तिनं एकदाच सांगितलं. पण मी मनात धरून ठेवलं.

आता मीनूच्या आयुष्यातली मोठी अडचण सांगते. इराणी लोकांची एक रीत आहे, तिला ते तारोफ म्हणतात. कुणी काही देऊ केलं की आधी नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा घ्यायचं. आणि तुमच्या घरातली वस्तू कुणी छान म्हटली की लगेच म्हणायचं, घ्या, तुमचीच आहे. ती घ्यायची नसते, हे दोघांनाही ठाऊक असतं. मला हे समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडे पंगतीत जिलबी नको म्हणणारा पानावर हात आडवा धरतो, पण बोटांमध्ये फट ठेवून धरतो. वाढणाऱ्यानं फट बघायची असते.

जेसला फट बघायची असते हे माहीत नव्हतं. जेस म्हणजे ऑस्ट्रेलियन पोरगी, दिवसा घरं रंगवायची आणि वीकेंडला पबमध्ये आपल्या बँडबरोबर गायची. बँडची पाटी करायला मीनूच्या दुकानात आली, मीनूच्या फोनवर रांगोळीचं पाखरू उडताना बघितलं आणि तिथेच म्हणाली, माझ्या गाण्याला व्हिडिओ कर. मनानं सोन्यासारखी मुलगी. पहिल्यांदा मीनूकडे आली ती गराजच्या दारात थबकली. भिंतीवर मीनूच्या आजीचा गालिचा होता, डाळिंबी रंगाचा, तेहरानहून कपडे कमी करून आणलेला.

"व्हॉट अ ब्युटी," जेस म्हणाली.

"तुझाच आहे, घेऊन जा," मीनू म्हणाली.

"सीरियसली?"

"तुझ्यापुढे त्याची काय किंमत."

जेसनं तिला कडकडून मिठी मारली, गालिचा गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि आपल्या यूटच्या, म्हणजे छोट्या टेम्पोसारख्या गाडीच्या, मागे टाकून घेऊन गेली. मी आमच्या कुंपणापाशी उभी राहून बघत होते. मीनू फाटकात उभी राहून हात हलवत होती, चेहऱ्यावर हसू. यूट वळणापलीकडे गेल्यावर ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "वैशाली जान, ती खरंच घेऊन गेली."

मी म्हटलं, आत्ता फोन लाव आणि परत माग. मीनू इतकी दचकली, जणू मी तिला चोरी करायला सांगितलं. दिलेलं मागायचं म्हणजे तिच्या लेखी मरणच.

व्हिडिओचं काम मात्र झकास सुरू झालं. गाणं होतं एका घोड्याचं. जेसच्या आजोळी बुशफायर आली तेव्हा आजोबांनी घोडा सोडून दिला होता आणि आग विझल्यावर तो आपापला घरी परत आला. मीनूनं रांगोळीचा तो घोडा असा पळवला की त्याच्या नाकपुड्या फुलताना दिसायच्या. ती पाट्यांच्या दुकानातून यायची, हात धुवायची आणि कामाला लागायची. हिवाळा सरून स्प्रिंग आला तरी घोडा घरी पोचला नव्हता.

आणि स्प्रिंग म्हणजे सुहासचा 'हे-फीवर', परागकणांची सर्दी. इथलं गवत फुललं की आमच्या घरात नुसता टिश्यूंचा खच. एका रविवारी आरवोला, म्हणजे दुपारी, मी त्याला मीनूकडे डबा देऊन पाठवलं. बाहेरून दे, आत जाऊ नकोस, असं बजावून पाठवलं. पण माझं ऐकलं तर तो सुहास कसला. आत गेला, काचेवर वाकला, आणि शिंकला. शिंक अशी की मला आमच्या किचनमध्ये ऐकू आली. मी धावत गेले. घोड्याचं अख्खं डोकं काचभर उडालं होतं. सुहास टिश्यू नाकाशी धरून पुतळा झाला होता. मी मीनूच्या तोंडाकडे बघायला घाबरले.

मीनूनं काचेकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "कुणी हलू नका." तिनं फोटो घेतला. त्या उडालेल्या कणांना बोटानं एकेक पंख दिला, पुन्हा फोटो घेतला. असं करत करत घोड्याच्या डोक्यातून पाखरांचा थवा उठला, धुरातून वर गेला आणि खाली येऊन पुन्हा घोडा झाला. काम संपवून ती सुहासला म्हणाली, "बरं झालं. घोडा फारच शहाणा पळत होता."

व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. ज्याच्या त्याच्या तोंडी ती पाखरं. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या तिळगुळाला सुहासनं गाठून गाठून सगळ्यांना सांगितलं की ती माझी शिंक आहे. मी आमच्या मुलीला, ईराला, व्हिडिओ दाखवला. तिनं शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाली, "मम, इट्स गॉर्जस. बट व्हेअर्स हर नेम?"

नव्हतंच. बँडचं होतं, गीटारवाल्याचं होतं, रेकॉर्डिंग करणाऱ्याचं होतं. मीनूचं नव्हतं.

मी तशीच चपला पायात सरकवून शेजारी गेले. मीनू चहा पीत होती. "जेसनं विचारलं होतं," ती म्हणाली. "नाव घालू का म्हणून. मी म्हटलं, छे छे, मी काय केलंय, गाणं तुझं आहे."

"मग ती काय म्हणाली?"

"नो वरीज."

"पुन्हा विचारलं नाही?"

मीनूनं मान हलवली. टेबल रिकामं होतं. काच पुसून भिंतीशी उभी केली होती, कॅमेरा खोक्यात होता. बाजूला उद्याच्या कामाची पाटी पडली होती, कुणा एजंटची. मला इतका राग आला की रडायलाच आलं. तिकडे भीतीनं नाव गेलं आणि इथे सभ्यपणानं. आणि त्या बाईची आई तेहरानमध्ये बसून तिला हो गं बाई, हो गं बाई म्हणत होती.

पुढच्या शनिवारी जेस मीनूसाठी फुलं घेऊन आली. तिला मी फाटकातच पकडलं आणि आमच्या किचनमध्ये बसवलं. ती खुशीत होती. एका मोठ्या फिल्म फेस्टिव्हलनं तिचा व्हिडिओ स्पर्धेसाठी निवडला होता, शहरातल्या थिएटरमध्ये दाखवणार होते.

"मीनूचं नाव का नाही त्यात?" मी विचारलं.

"तिला नको होतं. आय आस्क्ड, मेट. ती नाही म्हणाली. मी तिच्या नाही म्हणण्याचा मान ठेवला."

तिचंही खरंच होतं. इथे नाही म्हणजे नाही, आणि ते चांगलंच आहे. मी तिला चहा दिला आणि जिलबी, पान, आडवा हात, बोटांमधली फट, सगळं सांगितलं. हात करून दाखवला. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हणजे तो गालिचा..."

"तोसुद्धा," मी म्हटलं.

जेसनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "माझा कुत्रा झोपतो त्यावर," ती आतून म्हणाली.

ती तशीच उठून गालिचा आणायला निघाली होती. मी तिला खाली बसवलं. म्हटलं, गालिच्याचं नंतर बघू, आधी नाव. आणि नीट विचार. तीनदा.

आम्ही दोघी मागच्या गराजमध्ये गेलो. जेसनं फुलं ठेवली, फेस्टिव्हलचं सांगितलं आणि विचारलं, "मीनू, डिरेक्टर म्हणून तुझं नाव घालू?"

"छे, कशाला," मीनू म्हणाली. "गाणं तुझं आहे."

जेसनं माझ्याकडे बघितलं. मी मानेनं खूण केली. "मीनू, मला तुझं नाव घालायचं आहे."

"खरंच नको. लोक तुला बघायला येतात."

आयुष्यभर जेसनं कुणाला दुसऱ्यांदा आग्रह केला नसेल, आणि इथे तिसऱ्यांदा करायचा होता. ती मीनूसमोर त्या सिमेंटवर गुडघे टेकून बसली. "तो घोडा तू घरी आणलास. मी नुसती गायले. प्लीज, तुझं नाव सांग."

मीनूनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं हे कुणाचं काम आहे. मग ती उठली, भिंतीशी टेकलेली काच उचलून टेबलावर ठेवली, बाहीनं पुसली.

"मीनू नारवानपूर," ती म्हणाली. "आणि ते मी माझ्या हातानं लिहिणार. कॉम्प्युटरच्या अक्षरात नाही."

फेस्टिव्हलला आम्ही सगळे गेलो. सुहासनं टाय बांधला होता. मीनूनं काळा कोट घातला होता आणि नखांत रांगोळी तशीच होती. तेहरानला व्हिडिओ कॉल लावून फोन ईराच्या हातात दिला होता. त्यात मीनूची आई, पांढरा स्कार्फ, नाकावर चष्मा. ईरानं फोन पडद्याकडे धरला. घोडा पळाला, पाखरं उठली, तेव्हा थिएटरमध्ये लोकांनी श्वास धरलेला ऐकू आला. सुहासनं मला कोपरानं ढोसलं. गाणं संपलं. घोडा अंगणात येऊन उभा राहिला आणि त्याच्या आयाळीतून एक पांढरी रेघ सुटली. चिमटीतून सुटते तशीच, माझ्या सासूबाईंची रेघ. ती उजवीकडून डावीकडे वळत वळत फारसीत लिहीत गेली, आणि मग खाली इंग्रजीत. मीनू नारवानपूर. अख्ख्या पडद्याएवढं. आणि तिनं ते पुसलं नाही, राहू दिलं. बाकीची नावं आली ती त्याच्या खाली, लहान. अगदी शेवटी होतं, 'शिंक: सुहास'. लोक हसले आणि आमचे साहेब उठून उभे राहायचे बाकी होते.

फोनमधून म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी अक्षरं जुळवत ते नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग घरातल्या सगळ्यांना हाका मारायला लागलं. मीनूनं फोन घेतला नाही. ती दोन्ही हात मांडीवर सपाट ठेवून बसली होती, गाणं ऐकताना ठेवायची तशी.

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. स्टेजवर सूत्रसंचालकानं विचारलं, दोन शब्द बोलणार का? जेस खुर्चीतून अर्धी उठली होती, पुन्हा विचारा म्हणून सांगायला. पण मीनूनं पहिल्याच विचारण्याला माइक घेतला.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "याच्या आधीचीही सगळी माझी आहेत."

एवढंच. खाली उतरली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. माझा हात तिनं इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

त्यानंतर तिला मेलबर्नच्या एका स्टुडिओनं बोलावलं. आता तिच्या हाताखाली माणसं आहेत आणि त्यांनाही पंखा लावू देत नाही म्हणे. तेहरानच्या त्या जुन्या व्हिडिओंतले काही गाणारे आता देशाबाहेर आहेत. त्यांनी स्वतःहून तिचं नाव जाहीर केलं. लग्नातल्या काकांचा फोन आला होता. ते आता सांगतात की मला तेव्हाच वाटलं होतं.

तिला मी शेवटची बघितली ती ती निघाली त्या सकाळी. न्यायला जेस यूट घेऊन आली होती. सामानावर डाळिंबी गालिचा होता, धुऊन स्वच्छ केलेला. मीनूनं तो रीत म्हणून दोनदा नको म्हटला होता आणि जेसनं तीनदा परत दिला होता. मी रिकाम्या हातानं निरोप कसा देणार, म्हणून यूटच्या मागे, मीनूच्या फाटकात रांगोळी काढली होती. मधोमध एक घोडा. काही खास आला नव्हता, गाढवच जास्त वाटत होतं.

मीनू बाहेर आली आणि रांगोळीसमोर उकिडवी बसली, पहिल्या दिवशी बसली होती तशी. जेसनं यूट सुरू केली होती. मीनूनं मागे पंजा दाखवला. इंजिन बंद झालं.

"नाव कुठे आहे?" तिनं विचारलं.

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "रांगोळी आहे ती."

"नाव?"

"अगं, तुमची चाकं जाणार आहेत आत्ता त्यावरून. कशाला उगीच."

तिनं पाकिटातून चिमूटभर रांगोळी घेतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. माझी बोटं धरून मिटवली.

"वैशाली जान," ती म्हणाली, "नाव."

मी खाली बसले. घोड्याच्या पायाशी मराठीत लिहिलं, वैशाली. 'ल'वरची वेलांटी जरा जाड आली. मीनूनं फोटो काढला, माझ्या दोन्ही गालांना गाल लावले आणि यूटमध्ये जाऊन बसली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून तिनं जेसला लॉन दाखवलं. जेसनं दोन चाकं लॉनवर घातली आणि रांगोळीच्या कडेकडेनं, अगदी हळू, गाडी बाहेर काढली.